दारू त्याची, पुरावा आमचा

कागद झेरॉक्सचा होता. मजकूर आधीच टाईप केलेला, फक्त नाव, वय आणि तारखेपुरत्या जागा मोकळ्या. ‘सदरचा अपघात हा नजरचुकीने झाला असून आमची कोणाविरुद्ध काही एक तक्रार नाही. हा जबाब राजीखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय लिहून देत आहे.’ रात्रीचे साडेअकरा झाले होते. आत डॉक्टर भावाचा पाय बघत होते, बाहेर हवालदार पेन पुढे करून उभे होते. आणि न्यायालयात एकतीस वर्षं नोकरी केलेल्या, त्यातली अकरा वर्षं मोटार अपघात दाव्यांच्या टेबलावर घालवलेल्या मी ते पेन हातात घेतलं.

भावजय म्हणाली, “वन्सं, थांबा की. एवढी घाई कुणाला झालीय?”

घाई कुणाला झाली होती, हे मला कळायला हवं होतं. असले कागद मी नोकरीत शेकड्यांनी पाहिले होते. दाव्याच्या फायलीत सातव्या-आठव्या पानावर हा जबाब निघाला की विमा कंपनीच्या वकिलाच्या चेहऱ्यावर जी समाधानाची छटा यायची, ती मला पाठ होती. तरी मी सही करायला निघाले होते, कारण त्या तासाभरात ‘मिटवून टाका’ हे तीन जणांनी तीन सुरांत सांगितलं होतं. गाडीमालकाचा चुलता हात जोडून म्हणाला. गावातले एक माजी सरपंच वडिलकीच्या नात्याने म्हणाले. आणि हवालदार म्हणाले ते कंटाळ्याने. त्यांचं फार चुकलं असंही म्हणवत नाही. एका पोलीस ठाण्याला किती गावं आणि किती माणसं, हे मी पाहिलेलं आहे. पण त्या कंटाळ्याची किंमत जखमी माणूस आयुष्यभर भरतो.

ही २०२३ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. भाऊ बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर हमाल. पंधरा-पंधरा किलोचे बॉक्स उचलायचे, थप्पी लावायची, दिवसभर हेच. त्या रात्री सव्वानऊला तो तासगाव-सांगली रस्त्याने स्प्लेंडरवर घरी येत होता. समोरून उसाचे दोन ट्रेलर लावलेला ट्रॅक्टर. त्या ट्रॅक्टरला ओलांडायला एक मोठी गाडी उजवीकडे घुसली ती थेट भावाच्या अंगावर. चालवणारा एकोणतीस वर्षांचा. परमिट रूममधून निघून त्याला दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती. गाडीतून उतरला तेव्हा त्याला दाराला धरून उभं राहावं लागत होतं, असं ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं.

आता जे झालं ते नीट सांगते, कारण माझं म्हणणं त्यातच आहे. भावाला एका दवाखान्यात नेलं. त्या पोराला त्याच्या माणसांनी दुसऱ्याच, खासगी दवाखान्यात नेलं. कपाळाला खोक पडली होती म्हणून. तिथल्या डॉक्टरांनी प्रामाणिकपणे केसपेपरवर लिहिलं, ‘तोंडास मद्याचा वास’. रक्त मात्र त्या रात्री कुणी काढलं नाही. ते निघालं दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी. म्हणजे अपघातानंतर चौदा तासांहून अधिक वेळाने.

दारू रक्तात पडून राहत नाही. शंभर मिलिलिटर रक्तामागे तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम या हिशेबाने शरीर ती संपवत असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा आहे तीस मिलिग्रॅम. चौदा तासांत दोनशे दहा मिलिग्रॅम निघून जातात. म्हणजे त्या पोराच्या रक्तात मर्यादेच्या सातपट दारू असती तरी सकाळी अकराला तो गंगाजलासारखा निर्मळ निघाला असता. तसाच निघाला. सी.ए. रिपोर्ट, म्हणजे रासायनिक तपासणीचा अहवाल, आला : अल्कोहोल आढळून आले नाही.

मुंबईत वरळीला ७ जुलै २०२४ ला पहाटे कोळीवाड्यातल्या एका जोडप्याच्या स्कूटरला महागड्या गाडीने उडवलं, बाईंना फरफटत नेलं, त्या गेल्या. आरोपी सापडला ९ जुलैला. त्याच्या रक्तात दारू आढळली नाही. आढळणार कशी? त्याच वर्षी १९ मे ला पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातात दोन तरुण इंजिनिअर गेले. तिथे रक्त काढलं गेलं, तर नमुनाच बदलल्याचा आरोप आला, डॉक्टरांना अटक झाली. जामिनाच्या अटीतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर देशभर चर्चा झाली. माझ्यासारखीला मात्र त्या सगळ्यात खटकत राहिली ती बाटली. निबंधाची अट बदलता येते. बाटलीत एकदा भलतं रक्त गेलं की खटल्याचा कणाच मोडतो. उलट उदाहरणही आहे. वांद्र्याच्या कार्टर रोडवर २००६ च्या नोव्हेंबरात पदपथावर झोपलेल्या मजुरांवर गाडी गेली, सात जण मेले. तिथे चालकाचं रक्त वेळेत घेतलं गेलं होतं, अहवालात दारू स्पष्ट आली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाखालची तीन वर्षांची शिक्षा कायम केली. सात जिवांना तीन वर्षं, यावर काय बोलायचं ते वाचकांनी बोलावं. पण निदान दोष तरी टिकला.

कायद्यात दोन तासांची तरतूद नाही असं नाही. आहे. कलम २०२ म्हणतं की दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला अटक केल्यापासून दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाहीतर त्याला सोडून द्यावं लागेल. वाचायला छान आहे. पण ही अटक आहे पोलिसांच्या डोळ्यांदेखत गुन्हा करणाऱ्याची, आणि घड्याळ सुरू होतं अटकेपासून. अपघातापासून नाही. रात्री कुणाला अटकच केली नाही, तर दोन तास सुरूच होत नाहीत! कलम २०३ मध्ये अपघातानंतर श्वासाची चाचणी आहे, चालक दवाखान्यात असेल तर तिथेही ती घेता येते. पण शब्द आहे ‘घेऊ शकतो’. या ‘शकतो’मध्ये किती गाड्या सुटून जातात, ते टेबलावर बसलेल्याला माहीत असतं.

म्हणून माझं पहिलं मागणं असं, की जखमी किंवा मृत माणूस असलेल्या प्रत्येक अपघातात, गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाचं रक्त अपघातापासून दोन तासांत घ्यायची सक्ती असावी. संशय आला तर घ्या, वास आला तर घ्या, असं नको. माझ्या भावाचंही घ्या. आणि रक्त किती वाजता काढलं, बाटलीचा सील नंबर काय, याची एक चिठ्ठी जखमीच्या नातेवाइकाच्या हातात द्या. बँकेत शंभर रुपये भरले तरी पावती मिळते.

तोवर काय करायचं? आम्ही जे केलं नाही ते. ११२ ला फोन करायचा, दुसऱ्या कुणी केला असला तरी आपण करायचा, आणि त्यात स्पष्ट सांगायचं की चालक प्यायलेला आहे. त्या फोनची वेळ नोंदली जाते, ती कुणाला खोडता येत नाही. मग साध्या कागदावर ठाणे अंमलदाराच्या नावे चार ओळींचा अर्ज : अमुक नंबरच्या गाडीचा चालक मद्यधुंद होता, त्याची श्वासाची व रक्ताची तपासणी तातडीने व्हावी. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि वेळ घालून पोच घ्यायची. पोच देत नसतील तर तोच कागद फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवायचा. वकील लागत नाही, इंग्रजी लागत नाही. मी हा अर्ज दिला तो दुसऱ्या दिवशी दुपारी, रक्त काढून झाल्यावर. एकतीस वर्षांची नोकरी!

अक्कल चालवली ती भाच्याने. म्हणजे माझ्या बहिणीच्या मुलाने. त्याने घटनास्थळी गाडीचे, चाकांच्या खुणांचे, रस्त्यावर पडलेल्या चपलेचे फोटो काढले आणि ट्रॅक्टरवाल्याचा नंबर घेतला. तो ट्रॅक्टरवाला बीडकडचा, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला. हंगाम संपला की गावाकडे जाणार. पोलिसांनी त्याला ‘बघू, बोलावतो’ म्हणून सोडलेलं. तिसऱ्या दिवशी भाचा कारखान्याच्या यार्डात गेला, उसाच्या गाड्यांच्या रांगेत त्याला शोधला, चहा पाजला आणि ठाण्यात आणून जबाब नोंदवायला लावला. आज आमच्या हातात जो एकमेव डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार आहे, तो त्या चहाचा आहे. परमिट रूमच्या कॅमेऱ्याचं मात्र हुकलं. मालक म्हणाला, पोलिसांचं पत्र आणा. पत्र गेलं बाराव्या दिवशी. त्याच्या यंत्रात आठच दिवसांचं चित्रण राहत होतं, त्यावर पुढचं चढलं.

हे सगळं फौजदारी खटल्यापुरतं. पण जखमीचं पोट त्या खटल्यावर चालत नाही. ते चालतं मोटार अपघात दावा न्यायाधिकरणावर, आणि तिथली गंमत वेगळी आहे. गंमत म्हणते, दुसरा शब्द सापडत नाही म्हणून.

दाव्यात दारू सिद्ध करावीच लागते असं नाही. चूक कुणाची होती एवढं दाखवायचं, आणि तेही ‘संशयातीत’ नाही. शक्यतेचं पारडं आपल्याकडे झुकलं की पुरे. गाडी आपली बाजू सोडून आली, हे पंचनाम्यात आहे. मग रक्ताचा रिपोर्ट शून्य आला तरी दावा उभा राहतो. माझ्या टेबलावर येणाऱ्या कितीतरी लोकांना हे ठाऊक नसायचं. फौजदारीत तो सुटला म्हणजे आपलं संपलं, असं समजून ते घरी बसायचे.

आता पुढचं ऐका. आमच्या दाव्यात विमा कंपनीची कैफियत आली. तिच्यात परिच्छेद होता : चालक हा घटनेच्या वेळी मद्याच्या अंमलाखाली असल्याने पॉलिसीच्या अटींचा भंग झाला आहे, सबब कंपनी भरपाईस जबाबदार नाही. पुरावा म्हणून जोडला होता तोच केसपेपर, ‘तोंडास मद्याचा वास’वाला. म्हणजे एका न्यायालयात रिपोर्ट सांगतो की पोरगा प्यायलेला नव्हता, म्हणून त्याला शिक्षा कमी. आणि दुसऱ्या न्यायालयात कंपनी सांगते की प्यायलेला होता, म्हणून भावाला पैसे नाहीत. आणि या दोन्ही गोष्टी लिहून काढणाऱ्यांच्या हाताला कंपही सुटत नाही.

हे कंपनीने हवेतून काढलेलं नाही. कायद्यातच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याचं अकरावं प्रकरण नव्याने लिहिलं आणि ते १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं. त्यातल्या कलम १५० मध्ये विमा कंपनीला कोणत्या मुद्द्यांवर बचाव घेता येईल याची यादी आहे. पूर्वीच्या यादीत परवाना नसणं वगैरे होतं. नव्या यादीत दारू पिऊन गाडी चालवणंही घातलं. लोकांना वाटलं, बरं झालं, प्यायलेल्यांना धडा. अहो, पण धडा कुणाला? स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे प्यायलेल्या मालकाला देऊ नका, खुशाल देऊ नका. इंडिया गेटजवळ आपटलेल्या एका पोर्शेच्या नुकसानीचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये याच कारणावरून फेटाळला, ते योग्यच. पण रस्त्याने आपल्या बाजूने जाणाऱ्या हमालाने कुठला पेग भरला होता? तृतीय पक्षाचा विमा सक्तीचा केला तो गाडीवाल्यासाठी केलेला नाही. गाडीखाली येणाऱ्यासाठी केलेला आहे. चालक जितका बेताल, तितकी जखमीची भरपाई डळमळीत, हे गणित कुठल्या शहाण्याने मांडलं?

न्यायालयांनी यातून वाट काढलेली आहे. ‘आधी भरा, मग वसूल करा’ असं तिचं नाव. कंपनीने जखमीला पैसे द्यायचे आणि नंतर गाडीमालकाकडून वसूल करायचे. परवान्याच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने ही वाट २००४ मध्ये पक्की केली, आणि दारूच्या प्रकरणातही केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. त्यामुळे कंपनीने हा मुद्दा घेतला म्हणून कुणी खचू नये, आणि भंग झाला हे सिद्ध करायचं ओझंही कंपनीवरच असतं. पण ही वाट न्यायाधीशांच्या विवेकाची आहे. प्रत्येक दाव्यात ती नव्याने मागावी लागते, प्रत्येक अपिलात टिकवावी लागते. तोवर दोन-तीन वर्षं जातात. मधल्या काळात कंपनीचा माणूस कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणतो, “ताई, दारूचा मुद्दा फार पुढे गेला तर तुम्हाला काहीच मिळणार नाही, त्यापेक्षा एवढ्यावर बसवू या.” आमच्या वकिलांनीही सुरुवातीला सुचवलं होतं की दाव्याच्या अर्जात दारूचा उल्लेखच नको. सल्ला व्यवहारी होता. पण ज्याने भावाचा पाय मोडला तो प्यायलेला होता, हे भावाने न्यायालयात बोलायचं नाही, कारण बोललं तर नुकसान त्याचंच? भावजय म्हणाली, “खरं हाय ते लिवा.” लिहिलं. कलम १५० मधले ते चार-पाच शब्द काढून टाकावेत, निदान तृतीय पक्षापुरते. हे माझं दुसरं मागणं, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा मोठं.

मुदतीचंही सांगून टाकते. १९८८ च्या कायद्यात दाव्याला सहा महिन्यांची मुदत होती, १९९४ मध्ये ती काढली. मी टेबलावर होते तेव्हा चार-चार वर्षांनी दावे यायचे आणि चालायचे. २०२२ पासून सहा महिने पुन्हा आले. याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, आणि मुदत टळली म्हणून दावे फेटाळू नका असा अंतरिम आदेश २०२५ च्या नोव्हेंबरात झाला आहे. त्या आदेशाच्या भरवशावर कुणी निवांत राहू नये. ज्याच्या मांडीत रॉड आहे, ज्याचं दुसरं ऑपरेशन चौथ्या महिन्यात आहे, त्याचे सहा महिने कसे जातात ते भिंतीवरच्या कालनिर्णयला विचारा. आम्ही जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दावा दाखल केला, पंधरा दिवस हातात ठेवून. अपघात कुठे झाला तिथेच दावा लावायला हवा असं नाही. जखमी राहतो त्या जिल्ह्यातही लावता येतो. गाडी न थांबता पळून गेली आणि सापडलीच नाही, तरी मृत्यूला दोन लाख आणि गंभीर दुखापतीला पन्नास हजार मिळतात, हेही फार थोड्यांना माहीत असतं. उपचारांसाठी २०२५ च्या मे महिन्यापासून दीड लाखापर्यंत, सात दिवस, रोख न भरता उपचारांची केंद्राची योजना आहे. आमच्या वेळी नव्हती. भावजयीचं मंगळसूत्र सोसायटीत गहाण आहे अजून.

मंगळसूत्रावरून आठवलं. चुलता दुसऱ्या दिवशी परत आला, सफरचंदाची पिशवी आणि पाकीट घेऊन. पाकिटात पन्नास हजार. “पोरगं आहे, चुकलं. वर लागेल तसं बघू.” सोबत शंभराचा बाँड, नोटरी करायला तयार. पन्नास हजार म्हणजे आमच्या घरात लहान रक्कम नव्हे, आणि बाहेर मेडिकलवाल्याचं बिल थांबलेलं. तेव्हा मी तिथेच, दवाखान्याच्या पायरीवर, औषधाच्या पिशवीवर हिशेब मांडून दाखवला. भाऊ त्रेचाळीस वर्षांचा. महिन्याची कमाई पंधरा हजार धरू. माथाडी बोर्डाच्या पासबुकात ती दिसते. वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. सरला वर्मा खटल्यापासून वयाप्रमाणे गुणक ठरलेला आहे, एक्केचाळीस ते पंचेचाळीसला चौदा. झाले पंचवीस लाख वीस हजार. डॉक्टरांनी चाळीस टक्के अपंगत्व लिहिलं तरी दहा लाख आठ हजार. यात दवाखान्याचा खर्च नाही, वेदनांचे नाहीत, पुढच्या काळात वाढली असती ती कमाई नाही.

आणि चाळीस टक्के म्हणजे कमाईतलेही चाळीसच टक्के, असं नसतं. २०१० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण दिलं आहे : डावा हात गेला तर सुतार किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास सगळीच जाते, सरकारी क्लार्कची नोकरी मात्र टिकू शकते. मी हा निकाल कितीदा फायलीला लावला असेन. आता तो आमच्याच घरात उतरला होता. माझा पाय मोडला असता तर मी टेबलाखाली लांब करून बसले असते, पेन्शनपर्यंत. पाठीवर थप्पी घेणारा माणूस पाय वाकत नसेल तर काय उचलणार? म्हणून अपंगत्वाच्या दाखल्यावर नुसती टक्केवारी नको, हा माणूस त्याचं पूर्वीचं काम करू शकतो की नाही, याबद्दल डॉक्टरांची साक्ष हवी. डॉक्टर साक्षीला यायला कुरकुरतात. विनंती करत राहायचं.

चुलत्याला पाकीट परत दिलं. सफरचंदं पेशंटांना वाटली.

दवाखान्याच्या दारात आणखी एक जमात फिरत असते. ‘क्लेमवाले’. आमच्याकडे चौथ्या दिवशी आला. खिशातून कोरा वकीलपत्राचा फॉर्म, “तुम्ही फक्त सही करा, एक रुपया देऊ नका, निकाल लागला की तीस टक्के आमचे.” निकालावर टक्केवारी घेणं वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे. पण बंदी आहे म्हणूनच मध्ये हा दलाल असतो. चांगले वकील आहेत, मी खूप पाहिले, ते आय.सी.यू.च्या दारात भेटत नाहीत. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट नाही. लोकअदालतीबद्दल मात्र एक सांगते. तिथला तडजोडीचा निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. मी लोकअदालतीच्या पॅनलसमोर अनेक विधवांना मान हलवताना पाहिलं आहे, कारण समोरचे सगळे जण एका सुरात ‘चांगली रक्कम आहे’ म्हणत होते. गुणाकार घरून करून जावं. मग हवी तर मान हलवावी.

भावाचा दावा अजून चालू आहे. पुरावा सुरू झाला गेल्या पावसाळ्यात. खर्चाच्या पावत्या भावजयीने पार्लेच्या डब्यात ठेवल्या होत्या, रिक्षा, औषधं, ड्रेसिंग, सगळं. ज्याची पावती मिळत नाही ते ती त्या-त्या दिवशी लिहून ठेवायची. त्या लिखाणाचं पहिलं पान म्हणजे त्या रात्रीचा तो झेरॉक्स कागद. हवालदार “रात्रभर विचार करा, सकाळी येतो” म्हणून बाकड्यावर ठेवून गेले होते, आणि हिनं त्याच्या पाठकोऱ्या बाजूला पहाटे चारच्या रिक्षाचे दोनशे रुपये लिहिले. तो कागद तसाच निशाणीला लागला.

भावजयीच्या उलटतपासात कंपनीच्या वकिलांनी तो उलटा केला. “या कागदावर ‘आमची काही एक तक्रार नाही’ असं लिहिलेलं आहे, हे खरं आहे ना?”

“खरं हाय.”

“मग दावा कसा केला?”

“खाली सही बघा की.”

त्यांनी बघितलं. साहेबांनीही हात पुढे करून कागद मागून घेतला, एकदा पुढून, एकदा मागून पाहिला, आणि टंकलेखकाला उत्तर जसंच्या तसं घ्यायला सांगितलं. पुढची तारीख डॉक्टरांच्या साक्षीची आहे. कोर्ट पहिल्या मजल्यावर आहे. भावाला जिना चढायला अकरा मिनिटं लागतात, म्हणून आम्ही साडेदहालाच जातो.